मानेचं ऑपरेशन आणि दहा वर्षांनंतरचा आरसा

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

हनुवटीखालची चरबी, सैल पडलेली मान, जबड्याची हरवलेली रेघ यांबद्दलच्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो : ऑपरेशन सुरक्षित आहे का? पहिल्या आठ-दहा दिवसांपुरतं याचं उत्तर देणं फारसं अवघड नाही. अवघड आहे ते पुढच्या दहा-पंधरा वर्षांचं, म्हणून या अंकासाठी तशीच पत्रं निवडली आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : वय ४७. हनुवटीखाली लोंबायला लागलंय. दोन सर्जनना दाखवलं. एकांनी फक्त लायपोसक्शन पुरेल म्हणून सांगितलं. दुसरे ‘डीप नेक लिफ्ट’ करा म्हणतात, आतली लाळग्रंथीही थोडी कापावी लागेल म्हणतात. खर्च तिप्पट. पैशांचं सोडा, पण साठीनंतर कशाचा पस्तावा होण्याची शक्यता जास्त? – नाशिक

उत्तर : दोघंही बरोबर असू शकतात, कारण आपण ज्याला मानेची चरबी म्हणतो ती एका थरात नसते. त्वचेखाली चरबीचा एक थर असतो. त्याखाली प्लॅटिस्मा नावाचा पातळ, पसरट स्नायू गळ्याच्या हाडावरून जबड्यापर्यंत चढतो. त्या स्नायूखाली पुन्हा चरबी. मग हनुवटीकडून कंठास्थीकडे (स्वरयंत्राच्या वरच्या नालासारख्या हाडाकडे) जाणारे डायगॅस्ट्रिक स्नायू, आणि जबड्याच्या कडेखाली दोन्ही बाजूंना एकेक लाळग्रंथी, साधारण अक्रोडाएवढी.

तुमची चरबी कुठल्या थरात आहे याचा अंदाज घरी येतो. आरशासमोर ताठ बसा, हनुवटीखालचा भाग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा. आता दात आवळून खालचा ओठ जोरात खाली ताणा, मानेवर उभ्या दोऱ्या उठतील असा. स्नायू ताठ झाल्यावरही चिमटीत तेवढंच राहिलं, तर चरबी वरच्या थरातली. बरंचसं निसटलं, तर ती स्नायूखालची आहे आणि लायपोसक्शनची नळी तिथवर जात नाही, जाऊही नये. दुसरी गोष्ट, त्वचा चिमटीत ओढून सोडा. ती लगेच जागेवर बसत नसेल, तर आतलं रिकामं करून उपयोग नाही. फुग्यातली हवा काढल्यावर फुगा जसा दिसतो तशी मान दिसेल. सत्तेचाळिसाव्या वर्षी निर्णय बहुधा या दुसऱ्या चाचणीवरच ठरतो.

आता साठीचं. लायपोसक्शन ‘लहान’ ऑपरेशन समजलं जातं. हनुवटीखाली आणि कानामागे दोन-चार मिलिमीटरचे छेद, बारीक नळी, निघणारी चरबी बहुतेकदा १०० मिलिलिटरच्या आत. पण दूरचा पस्तावा म्हणाल तर याच ‘लहान’ ऑपरेशनातून तो बऱ्याचदा निघतो. त्वचेच्या आतल्या बाजूला तीन ते पाच मिलिमीटर चरबीचं अस्तर ठेवावं लागतं. ते अस्तर खरवडून काढलं की त्वचा थेट स्नायूला चिकटते. सुरुवातीचे काही महिने मान रेखीव दिसते, फोटो छान येतात. सूज पूर्ण उतरल्यावर, आणि खरं तर चाळिशी-पन्नाशी ओलांडल्यावर, गिळताना किंवा बोलताना त्वचा स्नायूबरोबर ओढली जाऊ लागते. मधोमध खळगा आणि दोन्ही बाजूंना उभ्या कडा, याला सर्जन ‘कोब्रा नेक’ म्हणतात, नागाच्या फण्यासारखी दिसते म्हणून. वयाबरोबर त्वचेखालची चरबी तशीही कमी होते, जबड्याचं हाड झिजतं, दात पडले तर आणखीच. म्हणजे आज जी चरबी नकोशी वाटते तिचा काही भाग पुढे हवाच असतो. भरपाई म्हणून पोटाची चरबी घेऊन मानेत भरता येते, पण भरलेल्या चरबीतली काहीच टिकते, बाकीची शरीर जिरवून टाकतं. शिवाय चिकटलेली त्वचा आधी सोडवावी लागते. एकाहून जास्त बैठका लागतात आणि मूळची मऊ मान पूर्णपणे परत येत नाही.

डीप नेकमधले धोके वेगळे. हनुवटीखालच्या तीनेक सेंटिमीटरच्या छेदातून स्नायूखाली उतरतात, तिथली चरबी कमी करतात, कधी डायगॅस्ट्रिक स्नायू तासतात, कधी लाळग्रंथीचा खाली लोंबणारा भाग कापतात. इथलं रक्त खोलात साठतं. ते श्वासनलिकेवर दाब आणू शकतं, म्हणून हे ऑपरेशन दिवसभरात उरकून घरी पाठवण्याचं नाही. स्नायूखालची चरबी प्रमाणाबाहेर काढली तर हनुवटीखाली खड्डा पडतो आणि आजूबाजूची ग्रंथी, कंठाचं कूर्चेचं टोक जास्तच उठून दिसतं. बायकांच्या मानेला त्यानं पुरुषी वळण येतं.

लाळग्रंथीबद्दल थोडं सविस्तर, कारण पेशंटला याबद्दल सगळ्यात कमी सांगितलं जातं. जेवत नसतानाच्या वेळी तोंड ओलं ठेवणारी सुमारे ६० ते ७० टक्के लाळ या दोन ग्रंथींतून येते. एक-तृतीयांश भाग कापला तर तोंड लगेच कोरडं पडत नाही. उरलेला भाग आणि कानाजवळच्या ग्रंथी भागवून नेतात. पण कापलेल्या पृष्ठभागातून लाळ पाझरून त्वचेखाली साठू शकते. मग सुईनं काढा, दाबपट्टी बांधा, काही आठवडे लिंबू-चिंच-लोणचं बंद, कधी ग्रंथीत बोटुलिनमचं (बोटॉक्सचं) इंजेक्शन, तिचं काम काही काळ थांबवायला. ग्रंथीच्या अंगानं चेहऱ्याची धमनी जाते आणि वरून खालच्या ओठाची नस. स्योग्रेन हा लाळ आणि अश्रू आटवणारा आजार असलेल्यांनी, तोंड कोरडं करणारी औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी (नैराश्यावरच्या काही गोळ्या, ॲलर्जीच्या काही, वारंवार लघवीच्या काही) ग्रंथीला हात लावू देऊ नये असं आमचं मत आहे. सत्तरीत कवळी बसवायची वेळ आली की लाळेची किंमत कळते.

तुमच्यासाठी आमचा कल असा : मान थोडी खाली वाकवल्यावर जबड्याखाली दोन्ही बाजूंना टणक गोळी नजरेला येत नसेल, तर ग्रंथी कापण्याचं कारण नाही. दुसऱ्या सर्जनना थेट विचारा, ग्रंथी तशीच ठेवली तर काय दिसेल? ‘थोडा फुगवटा’ असं उत्तर आलं तर फुगवटा पत्करा. कमी काढलेलं वर्षानं पुन्हा काढता येतं, जास्त काढलेलं परत ठेवता येत नाही. आणि तक्रार फक्त मानेवरच्या उभ्या दोऱ्यांची असेल तर बोटुलिनमची इंजेक्शनं आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ऑक्टोबर २०२४ मध्ये या वापराला मान्यता दिली. परिणाम तीन-चार महिन्यांत ओसरतो. गैरसोय खरी, पण नाही आवडलं तर तीच सोय. डोस जास्त झाला किंवा खोल गेला तर गिळायला जड जातं, मान उचलायला कमजोरी येते, तेही ओसरतं.

प्रश्न : आईचं (वय ६१) नेक लिफ्ट सात महिन्यांपूर्वी झालं. उजव्या कानाची पाळी आणि खालची जागा अजून बधिर आहे. हसताना खालचा ओठ एका बाजूला कमी खाली येतो. सर्जन ‘वेळ द्या’ एवढंच म्हणतात. मी दुबईत असते, तिला प्रत्यक्ष पाहता येत नाही. किती वेळ द्यायचा? – दुबई

उत्तर : या दोन वेगळ्या नसांच्या तक्रारी आहेत, त्यांचं वेळापत्रकही वेगळं.

ओठाचं आधी. व्हिडिओ कॉलवर आईंना खालचा ओठ बाहेर मुडपायला सांगा, रुसलेलं मूल ओठ काढतं तसा. ओठ दोन्हीकडे सारखा मुडपला जात असेल आणि फक्त मोठ्यानं दात दाखवून हसताना तिरका दिसत असेल, तर मार लागलेली बहुधा मानेतली शाखा आहे, जी प्लॅटिस्माला चालवते. प्लॅटिस्मा ओठ खाली ओढायला हातभार लावतो, तो थांबला की हसू तिरकं दिसतं. हे सहसा काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत सुधारतं. ओठ मुडपताही येत नसेल, तर जबड्याच्या कडेनं जाणारी मार्जिनल मँडिब्युलर शाखा दुखावली आहे. ती काही जणांत जबड्याच्या कडेच्या एक-दोन सेंटिमीटर खालूनही जाते, म्हणून या ऑपरेशनात ती धोक्यात असते. ताणली किंवा भाजली गेली असेल तर बरीचशी सुधारते, तुटली असेल तर नाही.

सात महिने झालेत, म्हणून नुसतं थांबू नका. गेल्या दोन-तीन महिन्यांचे व्हिडिओ शेजारी ठेवून बघा. दर महिन्याला थोडा फरक दिसत असेल तर वाट पाहण्यात अर्थ आहे. काहीच हललेलं नसेल तर नसांची विद्युत तपासणी करून घ्या आणि चेहऱ्याच्या नसांचं काम करणाऱ्या प्लास्टिक सर्जनचं दुसरं मत घ्या. वर्ष उलटल्यावरही तिरकेपणा उरला तर चांगल्या बाजूच्या स्नायूत थोडंसं बोटुलिनम देऊन हसू समान करता येतं. हा इलाज नव्हे, जुळवाजुळव आहे. दर काही महिन्यांनी ती पुन्हा करावी लागते.

कानाच्या पाळीचा बधिरपणा ग्रेट ऑरिक्युलर नसेचा. कानाच्या भोकापासून साधारण साडेसहा सेंटिमीटर खाली, मानेच्या जाड तिरक्या स्नायूवर ती अगदी उथळ असते, आणि चेहरा व मान उचलण्याच्या ऑपरेशनांत ओळखण्याजोगी इजा झालेल्या नसांत तिचा नंबर सगळ्यात वर आहे. नस साधारण दिवसाला एक मिलिमीटर वाढते, म्हणून वर्षभर सुधारणा होऊ शकते. कानाखाली मानेवर बोटानं टकटक केल्यावर पाळीत वीज चमकल्यासारखी कळ येते का, विचारा. ती जागा महिन्या-महिन्यानं कानाकडे सरकत असेल तर नस वाढते आहे. एकाच जागी अडून राहिली आणि दुखत असेल तर नसेच्या टोकाला गाठ धरली असण्याची शक्यता, आणि त्यावर उपाय करता येतो.

तोवर एक काळजी. बधिर पाळीला कुड्यांची फिरकी किती घट्ट झाली ते कळत नाही, हेअर ड्रायरचा चटका कळत नाही. जड कानातलं बंद, फिरकी सैल. पाळी खाली खेचल्यासारखी, गालाला चिकटलेली दिसते का, तेही व्हिडिओत बघून घ्या. ते नसेचं नाही, त्वचा ताणून शिवल्याचं लक्षण आहे. लहान दुरुस्तीनं सुधारतं, पण टाक्यांची जागा मऊ व्हायला वर्ष तरी जाऊ द्या.

प्रश्न : वय ५२, मधुमेह आणि बीपी दोन्ही, गोळ्या चालू. शुगर १४०-१८० असते. वजनासाठी आठवड्याचं इंजेक्शन घेते, पाच महिन्यांत ११ किलो उतरले आणि मान लोंबायला लागली. सकाळी मिश्री लावते. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ‘सिगारेट नाही’ म्हणून सांगितलं. ऑपरेशन करू का? – कोल्हापूर

उत्तर : आत्ता नाही. आणि डॉक्टरांना मिश्रीचं आजच सांगा, बाकीचं नंतर वाचा.

नेक लिफ्टमध्ये त्वचा कानामागून मानेच्या मध्यापर्यंत खालच्या थरापासून सोडवतात. त्या सोडवलेल्या पदराला रक्त पोचतं ते फक्त त्वचेतल्या बारीक केशवाहिन्यांतून, आणि सर्वांत लांबचं टोक कानामागे असतं. निकोटिन या वाहिन्या आवळतं. ते विडीतून आलं, गुटख्यातून आलं की मिश्रीतून, वाहिनीला फरक पडत नाही. परिणाम म्हणजे कानामागची त्वचा काळी पडून मरते, जखम आठवडे-महिने भरत नाही आणि उरतो तो रुंद, चकाकणारा व्रण, जन्मभराचा. अंबाडा घालणाऱ्या बाईला तो लपवता येत नाही. ऑपरेशनआधी किमान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे तंबाखू पूर्ण बंद. निकोटिनचा च्युइंगगम आणि पट्टीसुद्धा. एकदा सुटलीच आहे तर पुन्हा धरू नका, पण तो वेगळा विषय.

मधुमेह जखमेचा वेग कमी करतो आणि जंतुसंसर्ग वाढवतो. रोजच्या आकड्यावर न जाता तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, बघा. ते साडेसातच्या आत येईपर्यंत अशा ऐच्छिक ऑपरेशनाची घाई करू नये. तुमच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल (चिठ्ठीवरचं नाव औषधवाल्याला दाखवून विचारा), तर ती ऑपरेशनाच्या किमान तीन दिवस आधी डॉक्टरांच्या सांगण्यावरून थांबवावी लागते. नाहीतर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. आठवड्याच्या इंजेक्शनानं जठर उशिरा रिकामं होतं. रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न असू शकतं आणि भूल देताना ते फुप्फुसात जाऊ शकतं. भूलतज्ज्ञांना हे आधी माहीत हवं.

बीपीचा संबंध रक्ताच्या गाठीशी. नेक लिफ्टनंतरची ही सगळ्यात नेहमीची गुंतागुंत, बहुतेकदा पहिल्या २४ तासांत, आणि पुरुषांत बायकांपेक्षा जास्त, कारण दाढीच्या त्वचेला रक्तपुरवठा जास्त. वरचा आकडा १४०च्या आत ठेवायचा. उलटी, खोकला, दुखणं, अडलेली लघवी या सगळ्यानं तो चढतो, म्हणून या गोष्टी आधीच आवरायच्या. गाठ छोटी असली तरी नंतर ती जागा टणक होते, वर त्वचेला काळसर छटा उरते. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत ही छटा महिनोन्‌महिने रेंगाळते. अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय परस्पर बंद करू नका. ब्रुफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, माशाच्या तेलाच्या आणि ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या मात्र दोन आठवडे आधी थांबवायला हव्यात.

आणि वजन. ते उतरत असताना मान आवळणं म्हणजे माप ठरण्याआधीच झंपर शिवायला टाकणं. सहा महिने काटा दोन-तीन किलोंच्या आत स्थिर राहू द्या. इंजेक्शन बंद केल्यावर वजन परत येण्याची शक्यता मोठी असते. मग ताणलेली मान पुन्हा भरते, पुन्हा उतरवलं की पुन्हा लोंबते, आणि दुसऱ्या वेळचं ऑपरेशन पहिल्यासारखं नसतं. व्रणांमुळे थर एकमेकांना चिकटलेले, नसा नेहमीच्या जागेवरून सरकलेल्या. चांगलं झालेलं नेक लिफ्टही सर्जन साधारण सात-दहा वर्षांचं धरतात; सैलपणा चेहऱ्याआधी मानेतच परततो.

प्रश्न : वय २७, लग्न दोन महिन्यांवर. ब्युटी क्लिनिकमध्ये चरबी विरघळवायचं इंजेक्शन तीन बैठकांत, ऑपरेशनापेक्षा सुरक्षित, असं सांगतात. – ठाणे

उत्तर : दोन महिन्यांत नको. खरं औषध डीऑक्सिकोलिक आम्ल, अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळालेलं. ते एकेक सेंटिमीटरच्या अंतरानं, प्रत्येक टोचणीत ०.२ मिलिलिटर, एका बैठकीत जास्तीत जास्त ५० टोचण्या म्हणजे १० मिलिलिटर, असं देतात. दोन बैठकांत किमान महिन्याचं अंतर लागतं. म्हणजे तीन बैठका दोन महिन्यांत बसवल्या तरी शेवटची लग्नाच्या तोंडावर येते, आणि प्रत्येक बैठकीनंतर हनुवटीखाली सूज येते. ती उतरायला एक-दोन आठवडे, कधी जास्त. बेडकासारखं गळ्याखाली फुगलेलं हळदीच्या फोटोत नको असेल, तर आत्ताच नाही म्हणा.

‘ऑपरेशनापेक्षा सुरक्षित’ हे अर्धंच खरं. मान्यतेच्या चाचण्यांत १०० पैकी सुमारे चौघांत ओठाची नस दुखावली होती आणि दोघांत गिळायला त्रास झाला होता. बहुतेकांचं बरं झालं, पण काहींना महिने लागले. औषध उथळ दिलं तर वरची त्वचा सडते आणि व्रण राहतो. तुमच्या क्लिनिकला कुपीवरचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत विचारा. ‘आमचं स्वतःचं मिश्रण आहे’ असं उत्तर आलं, तर पुढे बोलायची गरज नाही.

आणि मानेची त्वचा काळवंडलेली, मखमलीसारखी जाड असेल तर ती चरबी नव्हे. इन्शुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. आधी साखर तपासा.

प्रश्न : मी सडपातळ, वय ३४, वजन ६२ किलो, तरी कॉलेजपासून डबल चिन. व्यायामानं जात नाही. – पुणे

उत्तर : चरबीऐवजी हाड बघा. बाजूनं फोटो काढा, खालच्या ओठावरून सरळ उभी रेघ खाली सोडा. पुरुषात हनुवटीचं टोक साधारण त्या रेघेवर असतं. ते बरंच मागे असेल तर त्वचेला ताण द्यायला खुंटीच लांब नाही, मग चरबी काढून काय होणार? कंठास्थी जन्मतः खाली असेल तरीही मान-हनुवटीचा कोन बोथट दिसतो आणि त्यावर चाकूचा उपाय नाही.

आधी दातांच्या ठेवणीच्या डॉक्टरांना चावा दाखवा. जबडाच मागे असेल तर गोष्ट वेगळी. फक्त हनुवटी लहान असेल तर हाड पुढे सरकवून स्क्रूनं बसवतात किंवा सिलिकॉनचा तुकडा घालतात. हाड सरकवल्यावर खालच्या ओठाला काही काळ, कधी कायमचा, बधिरपणा राहू शकतो. सिलिकॉन सरकू शकतो, त्याला वर्षांनंतरही संसर्ग होऊ शकतो आणि त्याच्या दाबानं खालचं हाड झिजतं. दीर्घकाळाचा हिशेब केला तर आम्ही हाड सरकवण्याच्या बाजूनं.

घोरता का? दिवसा पेंग येते का? जबडा मागे असणाऱ्यांत झोपेत श्वास अडण्याचा आजार बारीक अंगातही असतो. मान सुडौल करून तो जात नाही, भुलीचा धोका मात्र तो वाढवतो.

प्रश्न : थायरॉइडमध्ये दीड सेंटिमीटरची गाठ आहे, ‘फक्त लक्ष ठेवा’ म्हणून सांगितलंय. मानेचं कॉस्मेटिक ऑपरेशन केलं आणि पुढे थायरॉइड काढायची वेळ आली तर? – सांगली

उत्तर : क्रम महत्त्वाचा : आधी गाठीचा निकाल, मग सौंदर्य. ताजी सोनोग्राफी करा. गाठीच्या स्वरूपावरून सुईची तपासणी लागते का ते ठरवून घ्या. थायरॉइडचा छेद गळ्याच्या खालच्या भागात येतो, हनुवटीखालचं काम त्याच्या बरंच वर, त्यामुळे पुढचं ऑपरेशन अशक्य होत नाही. पण थर चिकटलेले असतात, प्लॅटिस्मा मधोमध शिवलेला असतो, त्वचेचा रक्तपुरवठा बदललेला असतो. म्हणून त्या सर्जनला जुन्या ऑपरेशनाची नोंद हातात द्यावी लागते. मानेच्या मणक्याचं समोरून होणारं ऑपरेशन, मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचं ऑपरेशन, यांनाही हेच लागू.

सोनोग्राफी खरं तर सगळ्यांनीच करावी. हनुवटीखालची किंवा जबड्याखालची फुगी दर वेळी चरबी नसते. गंडमाळ, लाळग्रंथीतला खडा, जीभ बाहेर काढली की वर सरकणारी थायरोग्लॉसल गाठ, आणि तंबाखू खाणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरनं सुजलेली लसिकाग्रंथी, हे सगळं ‘डबल चिन’ म्हणून दाखवायला येऊ शकतं.

प्रश्न : संमतीपत्र इंग्रजीत सहा पानी होतं, सही केली. आता मनात शंका येतात. ऑपरेशन पुढच्या महिन्यात. काय तपासू? – छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सही केली म्हणून दार बंद होत नाही, ऑपरेशनाच्या सकाळीसुद्धा संमती मागे घेता येते. ते सहा पानी पत्र पुन्हा मागा आणि ‘गरज वाटल्यास इतर प्रक्रिया’ अशा अर्थाचं वाक्य शोधा. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलंय की, एका प्रक्रियेची संमती दुसऱ्या प्रक्रियेला लागू होत नाही, जीव वाचवण्याची निकड असल्याशिवाय. लाळग्रंथी कापून जीव वाचत नाही. म्हणून लायपोसक्शन, स्नायूची शिवण, स्नायूखालची चरबी, ग्रंथी, यांतलं काय करायचं आणि काय करायचं नाही ते मराठीत नावानिशी लिहून घ्या, सर्जनच्या सहीसह.

सर्जनची पदवी एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी आहे का ते राज्य वैद्यक परिषदेच्या नोंदणी क्रमांकावरून पडताळा. कॉस्मेटोलॉजीचा सर्टिफिकेट कोर्स ही शस्त्रक्रियेची पदवी नाही. त्यांना तीन गोष्टी विचारा. तुमच्या पेशंटचे पाच वर्षांनंतरचे फोटो आहेत का, तीन महिन्यांचे नव्हे? रात्री दोन वाजता मान फुगून श्वास अडला तर इमारतीत कोण असतं? दुरुस्ती लागली तर खर्च कुणाचा? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या, कारण दिसण्यासाठी केलेलं ऑपरेशन आरोग्य विम्यात वगळलेलं असतं, आणि त्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीच्या बिलावरही कंपनी त्याच कलमावर बोट ठेवते.

कान टोचलेल्या जागी किंवा जुन्या टाक्यांवर कधी केलॉइड, म्हणजे वाढलेला जाड व्रण, आला होता का ते आठवा. आला असेल तर कानामागच्या छेदाचं ऑपरेशन बहुतेकांनी टाळावं.

ऑपरेशननंतर त्याची पूर्ण नोंद मागून घ्या : कुठल्या थरात काय केलं, किती मिलिलिटर निघालं, कुठले टाके आत ठेवले. लेखी मागणी केल्यावर कागद ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आणि तीन वर्षांनंतर ते जपून ठेवण्याची त्यांची सक्ती उरत नाही. तुमच्या मानेचा खरा प्रश्न मात्र तिथून पुढे सुरू होतो, म्हणून ती फाइल घरच्या कपाटात, आधार कार्डाशेजारी ठेवा.